स्ट्रेचिंग आणि लवचिकता: फिटनेस ट्रेनरना वारंवार पडणारे प्रश्न

जिममध्ये पीटी (पर्सनल ट्रेनिंग) घेणारे, पहाटे मैदानावर भरतीच्या मुलांचा सराव घेणारे, सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग चालवणारे अशा सगळ्या प्रशिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. स्ट्रेचिंगबद्दल आपल्या क्षेत्रात बरंच काही सवयीने शिकवलं जातं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यातलं पुष्कळ तपासलं गेलं आहे. त्यातून जे टिकलं आणि रोजच्या कामात उपयोगी पडतं, ते इथे दिलं आहे.

लवचिकता आणि मोबिलिटी यांत फरक काय?

क्लायंटला पाठीवर झोपवा, गुडघा सरळ ठेवून त्याचा पाय तुम्ही वर उचला आणि तो कुठपर्यंत जातो ते बघा. मग तोच पाय त्याला स्वतःच्या ताकदीने उचलायला सांगा. पहिल्या वेळी दिसते ती सांध्याभोवतालच्या स्नायूंची लवचिकता. दुसऱ्या वेळी दिसते ती त्याच्या ताब्यातली हालचाल, म्हणजेच मोबिलिटी. या दोन उंचींमधलं अंतर तुमच्या कामाचं आहे. ते फार असेल तर आणखी स्ट्रेचिंग देऊन उपयोग नाही. तिथे ताकद कमी पडते आहे. दोन्ही उंची कमी असतील तर स्ट्रेचिंगला जागा आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि चुकीच्या दिशेने जाणारे महिने वाचवते, म्हणून नव्या क्लायंटच्या पहिल्याच दिवशी करा.

स्ट्रेचिंगने स्नायू खरंच लांब होतो का?

काही आठवडे नेमाने स्ट्रेचिंग केल्यावर माणूस जास्त वाकतो, यात शंका नाही. पण का वाकतो, याचं आपण वर्षानुवर्षं सांगत आलेलं कारण अपुरं आहे. वेप्लर आणि मॅग्नुसन यांनी २०१० साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. तीन ते आठ आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने वाढलेली हालचाल बहुतांशी ताण सहन करण्याची तयारी वाढल्यामुळे असते, असं त्यांनी मांडलं. त्याच कोनात स्नायू साधारण पूर्वीइतकाच विरोध करत असतो. पूर्वी जिथे मेंदू ‘बस’ म्हणायचा, त्याच्या पुढे आता तो जाऊ देतो.

हे नीट समजलं की शिकवण्याची पद्धत बदलते. मेंदूची परवानगी वाढवायची असेल तर दुखवून चालणार नाही. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून धरलेला स्ट्रेच मेंदूला धोक्याचीच खूण देतो आणि स्नायू आणखी आवळतो. दहापैकी पाच-सहा एवढा ताण, चालू श्वास आणि सैल चेहरा असला की झालं. क्लायंट बोलू शकत नसेल तर तुम्ही पुढे गेला आहात.

स्नायूची रचना बदलतच नाही, असं मात्र नाही. लांबलेल्या अवस्थेत भार पेलायला लावला, तोही बरेच आठवडे, तर स्नायूतले तंतूंचे जुडगे लांब होतात. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागच्या स्नायूंसाठीचा, गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढे झुकायचा नॉर्डिक हॅमस्ट्रिंग व्यायाम हे त्याचं उत्तम उदाहरण. फुटबॉलच्या संघांनी तो नेमाने केला तेव्हा हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या.

व्यायामाआधी स्टॅटिक स्ट्रेचिंग (एका स्थितीत थांबून ताण धरणं) करू नये, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच त्यावर एवढे वाद होतात. बेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. स्टॅटिक स्ट्रेचिंगनंतर लगेच केलेल्या ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्यांत सरासरी ३.७ टक्के घट दिसली, तर डायनॅमिक, म्हणजे हालचाल करत केलेल्या स्ट्रेचिंगनंतर १.३ टक्के वाढ. पण वेळ किती धरला यावर बरंच अवलंबून होतं. एका स्नायूला ६० सेकंद किंवा त्याहून जास्त ताण दिला तर घट ४.६ टक्के, आणि ६० सेकंदांपेक्षा कमी दिला तर १.१ टक्के. शिवाय यातल्या बऱ्याचशा चाचण्या स्ट्रेचनंतर काही मिनिटांतच, मध्ये काहीही वॉर्म-अप न करता घेतलेल्या होत्या. आपल्याकडे कोणी तसं करत नाही.

त्यामुळे साध्या जिमच्या क्लायंटने सुरुवातीला पोटरी २० सेकंद ताणली म्हणून त्याचं काही बिघडत नाही. भरतीच्या मैदानावर १०० मीटर धावणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. तिथे सेकंदाच्या दशांशावर गुण ठरतात. त्याने धावण्याच्या अगोदर पाच मिनिटं पाय ताणून बसणं हा थेट तोटा आहे. त्याच्यासाठी क्रम असा ठेवा: पाच-सात मिनिटं हलकं जॉगिंग, मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, चालते लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत चालणं), गुडघे उंच उचलत जाणं, टाचा मागे मारणं, आणि शेवटी ६० ते ८० मीटरच्या तीन-चार धावा, दर धावेला वेग थोडा वाढवत. जिथे खरोखर अडतं असा एखादा स्नायू असेल तर त्याचा छोटा स्टॅटिक स्ट्रेच जॉगिंगनंतर आणि या हालचालींच्या आधी घ्या. सगळ्यात शेवटी नको.

सूर्यनमस्कार वॉर्म-अप म्हणून चालतात का?

चालतात, आणि महाराष्ट्रात तरी क्लायंटला ते नव्याने पटवावे लागत नाहीत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून शाळांपर्यंत पोचवले. आजही कित्येक घरांत आजोबांना ते येतात आणि नातवाला येत नाहीत.

डायनॅमिक वॉर्म-अपमध्ये जे हवं ते त्यात बरंच आहे. पाठीचा कणा पुढे आणि मागे वाकतो, खुब्याचा पुढचा भाग अश्वसंचालनात उघडतो, पर्वतासनात पोटऱ्या आणि हॅमस्ट्रिंग ताणले जातात, हात डोक्यावर जातात आणि नंतर त्यांच्यावर भार येतो. पहिले तीन-चार सावकाश, मग लय वाढवत न्या. प्रत्येक स्थितीत थांबून राहण्याची वॉर्म-अपमध्ये गरज नाही.

त्यात नसलेल्या गोष्टी तुम्हाला जोडाव्या लागतील. कमरेचा पीळ नाही, बाजूला सरकणं नाही, ओढण्याची हालचाल नाही. बॅडमिंटन किंवा कबड्डी खेळणाऱ्याला नुसत्या नमस्कारांवर कोर्टात उतरवू नका. ज्याची पुढे वाकताना पाठ धरते त्याला गुडघे वाकवून करू द्या. सकाळी उठल्या-उठल्या पाठ जास्त ताठ असते, कारण रात्रभर झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. अशा क्लायंटने उठल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तरी खोल वाकणं टाळावं.

किती सेकंद धरायचं, किती वेळा?

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २०११ ची शिफारस अजून कामाची आहे. एका वेळी १० ते ३० सेकंद, वयस्कर माणसांना ३० ते ६० सेकंद, प्रत्येक स्नायूसाठी एका सत्रात मिळून साधारण ६० सेकंद आणि आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. रोज केलं तर फायदा जास्त. बँडी आणि आयरियन यांनी १९९४ साली हॅमस्ट्रिंगवर केलेल्या अभ्यासात ३० सेकंद आणि ६० सेकंद धरणाऱ्यांत फरक आढळला नाही. म्हणून ३० सेकंद हा आकडा डोक्यात ठेवला तरी पुरतो. आठवड्याचा हिशेब करायचा तर एका स्नायूला एकूण पाच ते दहा मिनिटं हे चांगलं लक्ष्य आहे.

रविवारी एकदम तासभर ताणण्यापेक्षा रोजची दोन मिनिटं बरी. आणि थांबलं की मिळालेली हालचाल काही आठवड्यांत बरीचशी परत जाते, हे क्लायंटला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

पीएनएफ नेमकं कसं द्यायचं?

पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन), म्हणजे स्नायू आधी आवळून मग ताणण्याचं तंत्र, १९४० च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट या मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी लकवा झालेल्या रुग्णांसाठी सुरू केलं. मार्गारेट नॉट आणि डोरोथी व्हॉस या फिजिओथेरपिस्टनी ते पुढे नेलं. आपण जिममध्ये वापरतो तो त्याचा एक छोटा तुकडा आहे.

क्लायंट पाठीवर, पाय वर, सौम्य ताण येईल तिथे थांबा. आता त्याला टाच तुमच्या खांद्यावर दाबायला सांगा. तीन ते सहा सेकंद, पूर्ण जोराने नाही, अर्ध्या जोराने. मग सोडायला सांगा, एक श्वास जाऊ द्या, पाय जेवढा आपोआप पुढे येईल तेवढा येऊ द्या आणि १० ते ३० सेकंद धरा. असं दोन-तीन वेळा. तुम्ही ढकलायचं नाही. पाय पुढे येतो तो त्याच्या सोडण्यामुळे.

दाबल्यावर प्रतिक्षिप्त क्रियेने स्नायू सैल पडतो, असं स्पष्टीकरण कोर्सेसमध्ये अजूनही देतात. तो परिणाम असलाच तरी क्षणभराचा असतो, त्याने एवढा फरक समजावता येत नाही. इथेही ताण सहन होण्याचीच गोष्ट जास्त पटण्यासारखी आहे. जोरदार व्यायामाच्या अगदी आधी मात्र पीएनएफ नको, ताकदीतली घट त्यातही दिसते.

स्ट्रेचिंगने दुखापत टळते का? दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं कमी होतं का?

दुखापतीबद्दल पुरावा निराश करणारा आहे. पोप आणि सहकाऱ्यांनी २००० साली ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नव्या जवानांवर १२ आठवडे प्रयोग केला. अर्ध्यांनी व्यायामाआधी पायाच्या सहा स्नायूंना प्रत्येकी २० सेकंदांचा स्ट्रेच दिला, अर्ध्यांनी नाही. पायाच्या दुखापतींत लक्षणीय फरक पडला नाही. २०१४ साली लॉर्सन आणि सहकाऱ्यांनी २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही स्ट्रेचिंगचा परिणाम दिसला नाही. ताकदीच्या व्यायामाने मात्र खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या.

अंगदुखण्याचंही तेच. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात १२ अभ्यास होते. व्यायामाआधी किंवा नंतर केलेल्या स्ट्रेचिंगने दुखणं १०० पैकी एखाद्या गुणाने कमी झालं. क्लायंटला ते जाणवणारही नाही. शेवटी पाच मिनिटं शांतपणे स्ट्रेचिंग करून घेण्यात गैर काहीच नाही, लोकांना ते आवडतं, श्वास खाली येतो, आणि शरीर गरम असतं म्हणून लवचिकतेचं कामही होतं. फक्त ‘हे केलं नाही तर उद्या चालता येणार नाही’ अशी भीती घालू नका.

वजनं उचलल्याने शरीर ताठर होतं, असं पालक म्हणतात. काय सांगायचं?

त्यांना तालमीतला पैलवान आठवायला सांगा. जोर काढताना छाती दोन हातांच्या मधून खाली जाऊन वर येते, खांदे आणि पाठ पूर्ण पल्ल्यातून फिरतात. बैठकीत खुबा, गुडघा, घोटा तिन्ही शेवटपर्यंत वाकतात. हा भारासहित केलेला लवचिकतेचाच व्यायाम आहे आणि कोल्हापुरात तो पिढ्यानपिढ्या चालत आला आहे.

२०२१ साली अफोन्सो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास एकत्र पाहिले. पूर्ण पल्ल्यात केलेल्या ताकदीच्या व्यायामाने लवचिकता स्ट्रेचिंगइतकीच वाढते, असं त्यांना दिसलं. यात ‘पूर्ण पल्ला’ या शब्दांवर भर आहे. वजन वाढवायच्या नादात अर्धा स्क्वॉट आणि अर्धा बेंच प्रेस वर्षभर केला, तर शरीर अर्ध्या पल्ल्याचंच होणार. ज्या क्लायंटकडे आठवड्याला तीनच तास आहेत, त्याच्यासाठी माझं मत ठाम आहे: रोमानियन डेडलिफ्ट (वजन हातात धरून खुब्यातून वाकणं), खोल स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून केलेला), बारला लटकणं आणि उंचवट्यावरून टाच पूर्ण खाली नेत केलेले काफ रेजेस यांतच त्याची बरीचशी लवचिकता बसवा, वेगळा वेळ काढू नका.

क्लायंट स्क्वॉटला खाली गेला की टाचा उचलतात. कुठून सुरुवात करू?

पूर्वी उकिडवं बसणं रोजचं होतं. शौचाला, चुलीपुढे, अंगणात. कमोड आणि डायनिंग टेबल आले आणि चाळिशीतल्या कित्येकांची ही हालचाल हरवली. पण टाच उचलते म्हणजे पोटरीच आखडली आहे, असं लगेच धरू नका.

आधी दोन वेगळ्या परीक्षा घ्या. टाचांखाली पाच किलोच्या प्लेट्स ठेवून स्क्वॉट करायला सांगा. सहज खाली गेला तर अडथळा घोट्यात आहे. मग प्लेट्स काढा, खांब किंवा रॅक हातांनी धरून खाली जायला सांगा. धरल्यावर टाचा जमिनीला ठेवून आरामात बसता येत असेल तर लवचिकता त्याच्याकडे आहे, कमी आहे तो तोल आणि ताकद. त्याला स्ट्रेचिंगची नव्हे, धरून-सोडून केलेल्या स्क्वॉट्सची गरज आहे.

घोटा मोजायचा तर भिंतीची चाचणी घ्या. पाऊल भिंतीकडे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा भिंतीला टेकला पाहिजे. पाऊल हळूहळू मागे नेत जा. टाच न उचलता अंगठ्याचं टोक आणि भिंत यांत जास्तीत जास्त किती अंतर राहतं ते टेपने मोजा. साधारण १० सेंटीमीटर असेल तर बहुतेकांचं काम भागतं. दोन पायांत दोनेक सेंटीमीटरचा फरक असेल तर जुना मुरगळा विचारा.

याच चाचणीत विचारायचा सर्वांत मोलाचा प्रश्न: ताण कुठे जाणवतो? मागे पोटरीत असेल तर स्ट्रेचिंग आणि काफ रेजेसने फरक पडेल. गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून असे दोन्ही स्ट्रेच द्या, कारण वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्याही वरून येतो आणि आतला सोलियस येत नाही. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखं होत असेल तर सांधाच अडतो आहे. तिथे पोटरी कितीही ताणा, उपयोग नाही. त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.

घोटा ठीक, ताकद ठीक, तरीही खाली जाता येत नाही अशी माणसं असतात. खुब्याच्या खोबणीची खोली आणि मांडीच्या हाडाची लांबी प्रत्येकाची वेगळी असते. पावलांमधलं अंतर आणि बोटांची दिशा बदलून बघा. हाड स्ट्रेच होत नाही.

सहा महिने हॅमस्ट्रिंग ताणतो आहे, तरी ‘टाइट’च आहे. का?

कारण बहुधा तो आखडलेला नाहीच. खुर्चीत टोक गाठून बसवा, पाठ गोल, मान खाली, एक गुडघा सरळ करून ताण येईल तिथे थांबा. आता फक्त मान वर करायला सांगा. मान वर केल्यावर मांडीमागचा ताण कमी झाला तर जाणवत होती ती नस. मान आणि हॅमस्ट्रिंग यांना जोडणारा स्नायू नाही, मज्जातंतूंची साखळी आहे. नसेला धरून ताणलेलं आवडत नाही, ती आणखी चिडते. पायात मुंग्या, जळजळ, पोटरीपर्यंत जाणारी चमक असेल तर स्ट्रेच लगेच थांबवा.

दुसरी शक्यता म्हणजे दमलेला, कमजोर स्नायू. तोही ‘टाइट’ वाटतो. आठ आठवडे ताणणं बंद करून हिप हिंज (खुब्यातून वाकणं) आणि ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं) शिकवा, बरेचदा तक्रार जाते.

पद्मासन सगळ्यांना जमलं पाहिजे का?

नाही. मांडी खुब्यातून बाहेर फिरली नाही तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा पिळण्यासाठी बनलेला नाही. गुडघ्यात काहीही जाणवलं की पाय सोडवा. साधी मांडी घालून बसणं पुरेसं आहे.

फार लवचीक क्लायंटला काय द्यावं?

बायटन चाचणी शिकून घ्या. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे, अंगठा मनगट ते कोपर या भागाच्या आतल्या बाजूला टेकणं, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटे जाणं, हे दोन्ही बाजूंचे आठ गुण. गुडघे सरळ ठेवून तळहात जमिनीला टेकले तर एक. नऊपैकी पाच किंवा जास्त असतील तर प्रौढ व्यक्तीचे सांधे सैल धरतात. अशा मुली योगवर्गात कौतुकाच्या ठरतात आणि त्यांनाच पुढे खांदा, कंबर दुखायला लागते. त्यांना शेवटच्या टोकाला लटकू देऊ नका. टोकाच्या थोडं अलीकडे थांबून ताकद वाढवणं हाच त्यांचा कार्यक्रम.

कोणाच्या बाबतीत विशेष जपायचं?

मधुमेह असलेल्यांत फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला दुखरा खांदा, जास्त दिसतो. कोपर अंगाला लावून हात बाहेर फिरवायला सांगा. तुम्ही मदत करूनही फिरत नसेल तर डॉक्टरांकडे पाठवा. दुखऱ्या टप्प्यात जोराने ताणलं तर तो आणखी बिघडतो.

रजोनिवृत्तीनंतर ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत, त्यांना बसून पुढे खोल वाकायला लावू नका. पुढे वाकण्याच्या व्यायामांनी अशा स्त्रियांच्या मणक्यांत फ्रॅक्चर वाढल्याचं १९८४ च्या सिनाकी यांच्या अभ्यासात दिसलं होतं. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं शिकवा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स घेणाऱ्यांत टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन, पोटरीला टाचेशी जोडणारी) दुखावण्याचा, तुटण्याचाही धोका असतो. आपल्याकडे ही औषधं सर्रास घेतली जातात आणि क्लायंट ते सांगत नाही, म्हणून तुम्ही विचारा. गोळ्या सुरू असताना आणि नंतर काही आठवडे उड्या आणि जोराचे पोटरीचे स्ट्रेच टाळा.

धावताना पोटरीत गोळा आला तर?

इथे स्ट्रेचिंगसारखं दुसरं औषध नाही. बसवा, गुडघा सरळ करा, पाऊल हळूहळू नडगीकडे ओढून धरा, गोळा सुटेपर्यंत. मग दोन मिनिटं चालवा.

फोम रोलर?

काही मिनिटांसाठी हालचाल वाढवतो, ताकद कमी करत नाही. वॉर्म-अपच्या आधी एका स्नायूला एक-दीड मिनिट ठीक.

हाताने स्ट्रेच देताना काय पाळायचं?

दर वेळी विचारा, एकदा घेतलेली परवानगी कायमची नसते. कुठे हात ठेवणार ते आधी सांगा. मांडीच्या आतल्या बाजूचे आणि खुब्याचे स्ट्रेच शक्यतो पट्टा किंवा दोर देऊन क्लायंटला स्वतःच करू द्या. स्त्री क्लायंट असो वा पुरुष, ‘नको’ म्हणायची मोकळीक त्यांना खरोखर वाटली पाहिजे. ‘थांबा’ म्हटलं की त्याच क्षणी सोडा, आणखी दोन सेकंद धरू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतरची सूज, दोन्ही पायांत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं यांपैकी काही ऐकलं तर त्या दिवशी स्ट्रेचिंग नाही. बधिरपणा आणि लघवीची तक्रार असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा आणि तसं लेखी नोंदवून ठेवा.